निळ्या रंगाखालचा सहावा

पुंतारोसा, ११ मे १९८७

प्रिय एर्सिलिया,

फळी निघाली. काल सकाळी फादर सिल्वेरियोंनी ती स्वतः जेनोआमार्गे फ्लॉरेन्सला जाणाऱ्या गाडीत चढवली, दोन रजयांत गुंडाळून, जणू तान्हं मूलच. चर्चचं छप्पर गळलं आणि भिंतीवरच्या सगळ्या नवसाच्या फळ्यांना बुरशी आली, ते माझ्या पथ्यावर पडलं. एरवी 'सान्ता झिता'ची फळी खिळ्यावरून हलवायला या गावाने मला मेले तरी परवानगी दिली नसती. फादरांना वाटतंय, तू बुरशी काढणार आहेस. काढ, तीही काढ. पण मी ती कशासाठी पाठवायला लावली ते तुला ठाऊक आहे.

तुझ्या बापाने तुला घरातलं काही सांगितलं नसणार. माझा भाऊ अगोस्तीनो त्या एका बाबतीत मुका होता. तेव्हा मीच सांगते, नीट वाच. एकवीस सालच्या शरदात 'सान्ता झिता' हे गलबत आपल्या बंदरातून सहा माणसं घेऊन कॉर्सिकातल्या बास्तियाला गेलं. तांडेल होता प्रॉस्पेरो, आणि खलाशांत एक माझा बाप, म्हणजे तुझा आजोबा जेरोलामो. येताना कॉर्सिकापाशी वादळात सापडले. गलबत परत आलं ते पाच माणसं घेऊन. प्रॉस्पेरोने धक्क्यावर उभं राहून माझ्या आईला सांगितलं, "जेरोलामो बास्तियाला उतरला तो परत आलाच नाही. आम्ही वाट पाहिली आणि निघालो." वादळात पाचजणच होते, पाचही वाचले. त्यांनी मादोन्नाचा नवस फेडला, दामियानो न्हाव्याकडून फळी रंगवून घेतली आणि चर्चमध्ये टांगली. गलबतात पाच माणसं, वर ढगात बाळ येशूला घेतलेली मादोन्ना. संपलं.

दामियानो न्हावी असला तरी चित्रं बरी काढायचा. हिवाळ्यात गिऱ्हाईक कमी असलं की फळ्या आधीच तयार करून ठेवायचा. वादळं काय, येणारच.

गावाने हिशेब केला की जेरोलामो कॉर्सिकाच्या कुठल्या बाईबरोबर पळाला. आईच्या पोटात तेव्हा तुझा बाप होता. ती ना नवऱ्याची राहिली ना विधवा. काळं नेसायची तिला चोरी, म्हणून मरेपर्यंत तपकिरी रुमाल बांधून फिरली. मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, फादर समुद्राने नेलेल्यांची नावं वाचतात आणि घराघरातून एकेक दिवा पाण्यात सोडतात. आम्ही तिघं दरवर्षी मागे उभे, रिकाम्या हातांनी. शाळेत मला नाव होतं, पळपुट्याची पोर.

पोरी, माझा बाप पळाला नाही. जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्याने कोंबड्यांचं खुराडं बांधायला घेतलं होतं, अर्धं बांधून गेला. पळून जाणारा माणूस खुराडं बांधायला घेतो का? तो त्या गलबतावर होता. तुझं यंत्र रंगाच्या खालचं बघतं असं तू ईस्टरला म्हणालीस, तर बघ. मला त्याचं नाव या दोन नोव्हेंबरला वाचलेलं ऐकायचंय. पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं.

फळीसोबतची बरणी तेक्लाची, खारवलेल्या अँचोवी. ती प्रॉस्पेरोचीच मुलगी, पण तिने काय केलंय? तेव्हा सात वर्षांची होती. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत, आणि चूल म्हणशील तर एकच. मी फळी कशाला पाठवली ते तिला सांगितलेलं नाही.

तुझी आत्या,
कोलोंबा


फ्लॉरेन्स, २९ मे १९८७

प्रिय आत्या,

फळी शाबूत पोचली. बरणीचं झाकण मात्र सैल होतं आणि तेल एका रजईने पिऊन टाकलं. प्रयोगशाळेत सगळे मला विचारताहेत, तुमच्या गावची मादोन्ना मासळीबाजारात राहते का.

यंत्राबद्दल एकदा नीट सांगते, म्हणजे तू गावभर जादू म्हणून सांगत फिरणार नाहीस. हा एक्स-रे नव्हे, इन्फ्रारेड कॅमेरा. आपल्या डोळ्यांना तांबड्यापर्यंतचाच प्रकाश दिसतो. त्याच्या पलीकडचा, शेगडीच्या धगीच्या बाजूचा, या कॅमेऱ्याला दिसतो. त्या प्रकाशाला रंगाचा पातळ थर अडवत नाही, पण कोळसा त्याला गिळून टाकतो. म्हणून चित्रकाराने रंगवण्याआधी कोळशाने काही आखलेलं असलं तर ते पडद्यावर काळं उमटतं. पडदा म्हणजे एक छोटा टीव्ही. एका वेळी तळहाताएवढा तुकडा दिसतो. त्याचा फोटो काढायचा, मग शेजारचा तुकडा, आणि शेवटी सगळे फोटो जोडायचे.

कॅमेरा एकच आहे आणि त्याच्यापुढे मोठमोठ्या संग्रहालयांची चित्रं रांग लावून बसलीत. न्हाव्याच्या फळीला कोण विचारतो? मी जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं करीन. आणि आत्या, आधीच सांगून ठेवते. रेघ दिसली तर दिसेल, पण ती कोणाची हे कॅमेरा बोलत नाही.

बाबांनी मला मुळीच काही सांगितलं नाही असं नाही. एकदा बोलले होते. त्यांच्या लग्नाच्या बोलणीत आईच्या वडिलांनी विचारलं, "तुमचे वडील हयात आहेत का?" बाबा म्हणाले, "माहीत नाही." आईकडची निम्मी माणसं लग्नाला आली नाहीत. एवढं सांगून बाबा उठले आणि अंगणात जाऊन उगाच सायकल पुसत बसले. तेव्हा तू मला हे काम दिलंस म्हणून मी करतेय असं समजू नकोस.

तुझी,
एर्सिलिया


पुंतारोसा, १० जून १९८७

प्रिय एर्सिलिया,

तेक्लाला कळलं. फादर सिल्वेरियोंच्या तोंडात तीळ भिजत नाही, पाद्री असून. मला वाटलं होतं ती फुगून बसेल. कसचं काय. मुळ्याची पानं निवडत होती, निवडता निवडता म्हणाली, "बघू दे की पोरीला. माझ्या बापाने जे पाहिलं तेच खाली निघेल. आणि निघालं की तुझ्या जिवाची ही टोचणी एकदाची थांबेल." बापावर इतका विश्वास असणं हेसुद्धा एक सुखच म्हणायचं. मला ते कधी लाभलं नाही. मला तो विश्वास रोज नव्याने ठेवावा लागला, गावाच्या तोंडासमोर.

तिने विचारलंय, पुढची बरणी पाठवायची का. मी म्हटलं, तुझी झाकणं आधी घट्ट कर.

लवकर कर बाई. सुट्टीत जेवण सोडू नकोस, पण सोडलंस तर रागावणार नाही.

कोलोंबा


फ्लॉरेन्स, ३ जुलै १९८७

आत्या,

तो आहे.

काल दुपारी गलबताच्या मागच्या बाजूचं पाणी पडद्यावर घेतलं. डोळ्यांना तिथे नुसती लाट दिसते, जाड निळी, वर पांढरा फेस. कॅमेऱ्यात निळं विरलं आणि खाली माणूस निघाला. छातीपर्यंत पाण्यात, एक हात वर, तोंड उघडं. पाचजण गलबतात आणि हा सहावा बाहेर. मी दिवा विझवून पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. मग खुर्चीत बसून राहिले. शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "काय झालं, कोणी गेलं का?" मी म्हटलं, "हो."

मला जे दिसतं ते असं. दामियानोने आधी सहा माणसं आखली, कारण त्याला खरं सांगितलं गेलं होतं. मग कोणीतरी म्हणालं, याला पुस. आणि त्याने त्याच्यावर समुद्र रंगवला.

अहवाल लिहायचा आहे, वरिष्ठांनी पाहायचा आहे. तोवर हे कोणाला सांगू नये असा नियम आहे. पण तुला इतकी वर्षं थांबवलं, आता मी थांबवणार नाही. फोटो सोबत आहे. बाबा असते तर त्यांना टपालाने पाठवला नसता, हातात नेऊन दिला असता.

तुझी एर्सिलिया


पुंतारोसा, १२ जुलै १९८७

माझ्या पोरी,

पत्र पोस्टातच उभ्याने वाचलं. पोस्टमन खुर्ची घेऊन आला, मी नको म्हटलं. तिथून सरळ तेक्लाकडे गेले. ती शेंगा सोलत बसली होती. फोटो तिच्या शेंगांवर ठेवला.

म्हटलं, "बघ. तुझ्या बापाने माझ्या बापाला पुसला."

तिने चष्मा लावला. बराच वेळ बघत होती. म्हणाली, "कोलोंबा, माझा बाप खोटं बोलणारा नव्हता."

"मग हा कोण? मासा?"

"एखादा माणूस हातचा गेला असता तर त्याने मला सांगितलं असतं."

"तुला? माणूस बुडवून आलेला बाप लेकीला मांडीवर घेऊन सांगतो होय?"

तिने चष्मा काढला, शेंगांची परात उचलली आणि आत गेली. मला वाटलं होतं की मी जिंकल्यावर मला थांबता येईल, पण नाही थांबता आलं. दारातून ओरडून सगळं सांगितलं. की गलबत वेड्यासारखं भरलं होतं, की माणूस गेल्याचं कबूल केलं असतं तर बंदराच्या साहेबांनी प्रॉस्पेरोचा परवाना काढून घेतला असता, की मादोन्नाने सगळ्यांना तारलं अशी फळी मग टांगता आली नसती. म्हणून जो पोहून परत येणार नव्हता त्याला पळपुटा ठरवला. सगळ्या गल्लीने ऐकलं. बरं झालं ऐकलं ते.

फादर सिल्वेरियो फोटो घेऊन खिडकीपाशी गेले, भिंग लावून पाहिलं आणि क्रूस केला. दोन नोव्हेंबरला नाव वाचणार. दगडवाल्यालाही सांगून आले. आईच्या थडग्यावर आता 'विधवा' हा शब्द येईल. आयुष्यभर तिने तो मागितला, पोरी. तुला काय ठाऊक, एखादी बाई विधवा व्हायला किती आसुसते.

तुझी आत्या


फ्लॉरेन्स, २० सप्टेंबर १९८७

प्रिय आत्या,

ऑगस्टमध्ये तुझी दोन पत्रं आली, उत्तर दिलं नाही. इथे फार उकडत होतं. कॅमेऱ्याची नळी बिघडली आणि नवी यायला तीन आठवडे गेले. तुझ्या शेजारच्या गावातूनही फळ्या आल्या आहेत, त्यांचंही काम माझ्याकडेच आहे.

एक सांगायचं होतं. दगडवाल्याला जरा थांबायला सांगशील का? आणि फादरांनाही. अहवाल अजून झालेला नाही. अहवालाशिवाय काही कोरून ठेवू नये असं मला वाटतं. या गोष्टी सावकाश कराव्यात.

तेक्लामावशी कशा आहेत? तुम्ही बोलता का?

तब्येतीला जप. नवी थंडीची चप्पल घेतलीस का?

एर्सिलिया


पुंतारोसा, १ ऑक्टोबर १९८७

प्रिय एर्सिलिया,

अहवाल, अहवाल. तुझे ते वरिष्ठ म्हणजे बंदराच्या साहेबांचेच भाऊबंद दिसतात. मला कळतं, तू त्यांना घाबरतेस. एका गावठी न्हाव्याच्या फळीवरून त्यांच्या यंत्राचं नाव गाजेल आणि श्रेय तुला मिळेल, हे त्यांना बघवत नसणार. घाबरू नकोस. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. आणि चपलेचं काय काढलंस मध्येच?

दगड कोरून झाला. 'मद्दालेना, जेरोलामोची विधवा, ज्याला समुद्राने नेलं.' मी त्या दगडाला काळा रुमाल बांधून आले. संध्याकाळी वाऱ्याने उडाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधला.

तेक्लाचं विचारतेस. नाही, बोलत नाही. ती खिडक्या लावून बसते. चर्चला येणं सोडलंय. परवा पाव घ्यायला आली तर पाववाल्याच्या सुनेने तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "बुडवणाऱ्याची लेक आली." तेक्ला पैसे ठेवून पाव न घेताच गेली. मी तिथेच उभी होते. मला वाटलं, काहीतरी बोलावं. मग मनात आलं, मी हे सगळं बालपण ऐकलं, तरुणपण ऐकलं, तिने तीन महिने ऐकलं तर काय आभाळ कोसळतं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आता तिलाही कळू दे.

तिचा मुलगा तिला तुरीनला न्यायचं म्हणतोय. जाऊ दे.

दोन नोव्हेंबरला तू यायचंस. दिवा तू धरायचास. अगोस्तीनोच्या वाट्याचा.

कोलोंबा


पुंतारोसा, ९ ऑक्टोबर १९८७

प्रिय एर्सिलिया,

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. मी कधी कोणाला पत्र लिहीत नाही, मुलालाही टेलिफोनच करते. पण हे टेलिफोनवर विचारण्यासारखं नाही. आणि तुला मी लहानपणी धक्क्याजवळ पोहायला शिकवलंय, तेवढ्या हक्काने विचारते.

माझा बाप शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होता. मी त्याला भरवायचे, धुवायचे. डोकं फिरलं होतं, काय वाटेल ते बोलायचा. लेकीने ऐकू नये असं पुष्कळ मी ऐकलं. लिव्होर्नोची एक बाई, चोरून आणलेली तंबाखू, कोणाला तरी मारलेला चाकू. काही म्हणता काही त्याने पोटात ठेवलं नाही. जेरोलामोचं नाव निघालं की मात्र एकच वाक्य, "अजून आला नाही. थोडं थांबू." रोज तेच. मी म्हणायचे, "हो बाबा, थांबू."

इतकी वर्षं मला वाटत होतं, तो बास्तियाच्या धक्क्यावर थांबलाय. आता तुझा फोटो पाहिल्यापासून तेच वाक्य मला वेगळं ऐकू येतं. तो पाण्याकडे बघत होता का? हात वर केलेल्या माणसाकडे बघत होता का? मी त्याच्या तोंडात घास भरवत होते तेव्हा मी कोणाला भरवत होते, हे मला कळेनासं झालंय. झोप येत नाही. जेवण जात नाही. मुलगा म्हणतो डॉक्टरकडे चल. डॉक्टर काय सांगणार?

कोलोंबावर माझा राग नाही. मी तिच्या जागी असते तर मीही ओरडले असते. तिच्याशी बोलल्याशिवाय माझा दिवस कधी गेला नव्हता, आता जातोय.

तू शिकलेली आहेस आणि यंत्र तुझ्याकडे आहे. मला खरं सांग. माझ्या बापाने त्या माणसाला पुसायला लावलं का? हो असेल तर हो लिही. मी सोसेन. माझं वय आता नुसतं अंदाजावर राहायचं नाही.

तुझी,
तेक्लामावशी


फ्लॉरेन्स, १७ ऑक्टोबर १९८७

प्रिय तेक्लामावशी,

नाही. तुमच्या वडिलांनी कोणालाही पुसायला लावलं नाही.

हे मला ऑगस्टपासून माहीत आहे. आधी ते लिहिते, माझ्याबद्दल नंतर.

तुमच्या शेजारच्या गावातून आमच्याकडे आणखी दोन फळ्या आल्या. दोन्ही दामियानोच्याच, वेगवेगळ्या वादळांच्या, वेगवेगळ्या गलबतांच्या. एकीत तीन माणसं वाचलेली, दुसरीत चार. मी कॅमेरा लावला. दोन्हींच्या खाली सहा माणसं निघाली. गलबतात पाच आणि पाण्यात एक. तोच वर केलेला हात, तेच उघडं तोंड, गलबतापासून तितक्याच अंतरावर. भिंगातून पाहिलं तर रेघ म्हणजे रेघ नव्हतीच, ठिपके होते. त्याच्याकडे एक कागद असणार, सुईने टोचून भोकं पाडलेला. तो फळीवर ठेवायचा, वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, की अख्खं गलबत माणसांसकट उमटतं. हिवाळ्यात तो अशा फळ्या करून ठेवायचा, नेहमी सहाच्या. वादळानंतर लोक आले की विचारायचा किती वाचले, तेवढे रंगवायचा आणि उरलेल्यांवर पाणी ओढायचा. तो हिवाळ्यात फळ्या तयार ठेवायचा, हे आत्याने मला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मी ते वाचून हसले होते.

मग मी आपली फळी पुन्हा पाहिली. तिच्यावरही ठिपके आहेत. जुलैमध्येही होते. मी त्यांना बुरशीचे डाग समजले. मावशी, मला माझा आजोबा हवा होता म्हणून मी डाग समजले. माझ्या बाबांच्या लग्नाला न आलेल्या त्या सगळ्या माणसांच्या तोंडावर मला तो फोटो फेकायचा होता.

आजोबा कुठे गेले, बास्तियाला राहिले की आणखी कुठे मेले, हे कॅमेऱ्याला माहीत नाही आणि कधीच कळणार नाही. पण निळ्या रंगाखालचा तो सहावा माणूस आजोबा नाही. तो कोणीच नाही. तुमचे वडील म्हणाले ते खरं नव्हतं असं म्हणायला माझ्यापाशी तिळाएवढाही आधार नाही. 'थोडं थांबू' म्हणणारा माणूस बास्तियालाच थांबला होता, असं मला मनापासून वाटतं.

हे पत्र मी आत्याला तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. तिने दगड कोरला, फादरांनी नाव वाचायचं ठरवलं, आणि मी चपलांची चौकशी करत बसले. माझ्या भित्रेपणाची झळ तुम्हाला पोचली. आता दोन तारखेच्या आत तिला कळायलाच हवं. तुम्ही म्हणाल तर मी उद्याच लिहिते, नाहीतर गाडी पकडून येते आणि फादरांसमोर, गावासमोर सांगते. तुमचं नाव स्वच्छ व्हायला हवं. तुम्ही सांगाल तसं करीन.

एर्सिलिया


पुंतारोसा, २२ ऑक्टोबर १९८७

प्रिय एर्सिलिया,

पत्र वाचलं. मग बापाच्या फोटोपुढे बसून पुन्हा मोठ्याने वाचलं, त्यालाही ऐकू जावं म्हणून. त्या रात्री मी झोपले. किती दिवसांनी झोपले.

तू स्वतःला बोल लावू नकोस. आपलं माणूस हवं असणं हा गुन्हा नाही.

कोलोंबाला तू काही लिहू नकोस, आणि येऊही नकोस. हे पत्राने सांगायचं काम नव्हे आणि गावासमोर तू सांगायचंही नव्हे. तिला सगळ्यांपुढे उभं करून तुझ्यासारख्या पोरीने ते सांगितलं तर ती तिथेच पडेल. दोन तारखेला मी स्वतः चर्चला जाते आणि तिच्याशी बोलते. आमचं काय ते आम्ही बघून घेऊ. तोवर गप्प राहा, मला तसा शब्द दे. दुसऱ्या दिवशी मुलगा मला तुरीनला नेतोय.

तुझं पत्र मी जाळलं. घरात ठेवलं असतं तर कोणाच्या तरी हाती लागलं असतं.

तेक्ला


पुंतारोसा, ४ नोव्हेंबर १९८७

प्रिय एर्सिलिया,

तू आली नाहीस. काम होतं असं टेलिफोनवर म्हणालीस, आवाज रडवेला होता. असू दे. अगोस्तीनोचाही दिवा मीच धरला.

काय सांगू. चर्च भरलं होतं. फादर सिल्वेरियोंनी नावं वाचली, एकेक, सावकाश, आणि शेवटी वाचलं, "जेरोलामो फिगारी, 'सान्ता झिता'वरून." मागे कोणीतरी खोकलं. इतक्या वर्षांनी त्याचं नाव मोठ्याने आणि शिवीशिवाय घेतलेलं ऐकलं. फादरांनी त्याच्यासाठी प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी आमेन म्हटलं. पाववाल्याच्या सुनेनेसुद्धा.

मग दिवे घेऊन आम्ही धक्क्याकडे उतरलो. आणि बघते तर तेक्ला. इतके आठवडे घरातून बाहेर न पडलेली बाई, चांगला कोट घालून, केस विंचरून. मुलगा मागे उभा होता. लोक तिला वाट देत होते, पण महारोग्याला देतात तशी. ती सरळ माझ्यापुढे आली. वाळली आहे फार, कोट अंगावर लोंबत होता. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही बापाची बाजू घेणार, भर धक्क्यावर, माझ्या बापाच्या दिव्यासमोर. मी तयार होते.

ती म्हणाली, आणि हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कोलोंबा, तुझं खरं होतं. माझ्या बापाने मरताना मला सांगितलं होतं. जेरोलामो गलबतावर होता, तो बुडाला, आणि त्यांनी ते लपवलं. मी इतकी वर्षं गप्प बसले. त्याच्या वतीने आणि माझ्या वतीने मी तुझी माफी मागते."

बघितलंस, एर्सिलिया? तिला माहीत होतं. माझ्याबरोबर एका ताटात जेवत होती, माझ्या आईच्या मयताला माझ्या शेजारी उभी होती, आणि तिला माहीत होतं. प्रॉस्पेरोचा खोटेपणा मी समजू शकते, त्याला परवाना वाचवायचा होता. पण हिचा?

तिने हात पुढे केला. मी तो घेतला नाही. मी खाली वाकून दोन्ही दिवे पाण्यात सोडले आणि पाठ फिरवली. पाठीमागून ती एवढंच म्हणाली, "बरं." मग मुलाने तिला चढण चढवून नेलं. काल सकाळी गाडी आली आणि ती गेली. खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकल्या आहेत. परवा प्रॉस्पेरोच्या थडग्यावर कोणी दिवा लावला नाही. चर्चच्या समितीने ठरवलंय की 'सान्ता झिता'ची फळी परत आली की ती भिंतीवर न लावता माळ्यावर ठेवायची, कारण ती खोट्या नवसाची आहे.

मला वाटलं होतं, हे सगळं झालं की छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही अजून. वय झालं असेल. भिंतीपलीकडे काही वाजत नाही, त्याचीही सवय व्हायची आहे.

फादर म्हणाले, गेल्या महिन्यात तेक्लाला फ्लॉरेन्सहून पत्र आलं होतं. तेव्हा मला उलगडा झाला. तू तिला काय लिहिलंस ते मी विचारणार नाही. पण त्याशिवाय ती अशी कबुलीवर आली नसती. तू बरं केलंस, पोरी. या गावात कोणीतरी एकदा खरं सांगायलाच हवं होतं.

तुझी आत्या,
कोलोंबा